माफीची बस

किसनराव गावंड्यांना माफी नावाची गोष्टच पटत नसे. बोरखडीत दारव्हा रोडवर त्यांची पिठाची गिरणी होती, गिरणीच्या मागे घर होतं, आणि दोन्हींची पट्टी ते एप्रिल उजाडला की पहिल्याच दिवशी नगरपंचायतीच्या खिडकीत जाऊन भरत. खिडकीतला बाबू चहाला गेला असेल तर तिथेच उभे राहत, पण पहिली पावती आपलीच, हा हट्ट. लोक देवळात पहिला नारळ फोडण्यासाठी धडपडतात, लग्नात पहिल्या पंगतीसाठी, किसनराव पट्टीसाठी. विमलताई त्यांना चिडवायच्या, "तुमाले सर्गातबी पट्टीची खिडकी लागन, नाई त तुमी वापस यान." यावर ते रागवत नसत. उलट मनातून सुखावत.

अशा माणसाच्या गिरणीसमोरून शुभयात्रा कंपनीची बस रोज जायची.

ही बस म्हणजे गावाची नवी ऐट. बोरखडीची हद्द वाढली, हद्दीत तीन वस्त्या आल्या, पण एसटी काही तिथवर पोचत नव्हती. मग नगरपंचायतीने या कंपनीला गावातली बस चालवायचा ठेका दिला. कंपनी म्हणाली, वस्त्यांवर बस नेणं आम्हाला तोट्याचं आहे. नगरपंचायत म्हणाली, बरं, तुमच्या डेपोच्या जागेची, शेडची पट्टी माफ, बसवरच्या जाहिरातींचा करही माफ. पण वस्त्यांची फेरी एक दिवस चुकता कामा नये. दोघांचं जमलं. माफीची मुदत संपत आली तशी ती वाढवण्याची नोटीस भिंतीवर लागली. कुणाची हरकत असेल तर सांगा, नसेल तर माफी पुढे चालू. अख्ख्या गावातून हरकत एकट्या किसनरावांची गेली.

"माह्या गिरणीले पट्टी, माह्या घराले पट्टी, आन् त्या कंपनीच्या एवढ्या मोठ्या शेडले माफी?" ते ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत. "काहून? म्हणे लोकायसाठी बस हाय. बसमंधी लोक कुठी हायेत? रोज सकाळी पाह्यतो मी. डायवर अन् सीटा!"

ते खोटं बोलत नव्हते. बस रोज सकाळी गिरणीसमोरून त्या वस्त्यांपैकी हिवरदरी तांड्याकडे निघायची ती रिकामीच असायची. माफी गेली तर वस्त्यांच्या फेऱ्या बंद करू, असं कंपनीने आधीच सांगून ठेवलं होतं. किसनरावांना त्याचं काही वाटलं नाही. रिकामी बस बंद झाली तर कुणाचं काय अडणार?

हरकतीची शहानिशा करायला जिल्ह्याहून अधिकारी येणार असं ठरलं. अधिकारी आणि हरकत घेणारा, दोघांनी मिळून एक पूर्ण फेरी करायची, बस लोकांच्या उपयोगाची आहे की नाही ते डोळ्यांनी पाहायचं, आणि दुपारी किसनरावांनी आपलं अखेरचं म्हणणं लिहून द्यायचं. तांड्यावर आदल्या दिवशीच निरोप गेला, उद्या बसमधून साहेब येणार.

सकाळी किसनराव इस्त्रीचा सदरा घालून निघाले. विमलताईंनी विचारलं, "तांड्यावरचे लोक मंग कायनं येतीन?"

"आता कायनं येते? काळीपिवळीनं येत असतीन."

"तुमी पाह्यलं का?"

"तू गिरणीकडे पाह्य," ते म्हणाले. हे त्यांचं ठेवणीतलं उत्तर. स्वतःपाशी उत्तर नसलं की ते बायकोला गिरणीकडे पाहायला लावत.

साहेब निघाल्या प्रेरणा मेश्राम नावाच्या तरुण मॅडम. चेहऱ्याने शांत, बोलणं मोजकं. बस चालवायला भीमराज होता. भीमनगरातला, किसनरावांच्या डोळ्यांसमोर वाढलेला. तिकीटही तोच फाडायचा. बस निघाली आणि तांड्यापर्यंत एकही माणूस चढला नाही. किसनराव दर थांब्याला मॅडमकडे पाहत आणि काही न बोलता बोट रिकाम्या सीटांकडे करत. असं त्यांनी इतक्यांदा केलं की शेवटी मॅडमनी खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली.

हिवरदरीला बस पोचली आणि किसनराव चमकले. अख्खा तांडा रस्त्याकडेला उभा होता. म्हाताऱ्या बायकांनी आरशांची कांचोळी, घेरदार फेटिया असा सणाचा पेहराव काढला होता. तांड्याचे नाईक उत्तमसिंग पांढरा फेटा बांधून पुढे आले. मॅडमना हार, किसनरावांना हार, भीमराज रोजचाच, तरी त्यालाही हार. मग पाणी, मग चहा. बाजेवर नवी चादर होती. पाहुणे बाजेवर बसले आणि तांडा उभा राहिला, कारण पाहुणा बसलेला असताना बरोबरीने टेकायचं नाही, अशी तिथली रीत.

गर्दीत किसनरावांना लालीबाई दिसली. ही त्यांच्या गिरणीची नेहमीची गिऱ्हाईक. पायाशी ज्वारीचं पोतडं होतं. शेजारी तिचा नवरा रूपसिंग, हातात कापडी पिशवी, तोंड जरा सुजलेलं.

"काय लालीबाई, दळण घेऊन इथी काहून उभी?"

"असंच, मालक," ती म्हणाली आणि पोतडं पायाने हळूच मागे सारलं.

बस निघायची वेळ झाली. मॅडमनी विचारलं, "चला, कोण कोण येतंय?"

कुणी हललं नाही. उत्तमसिंगांनी हात जोडले. "आज कोणी नाई जी. तुमी खुशाल बसा. मालक, तुमी इकडे खिडकीपाशी बसा, हवा लागते."

मॅडमनी नोंद केली. बस सुटली. किसनरावांनी हार काढून मांडीवर ठेवला आणि मोठ्या समाधानाने पाय ताणले. "पाहा, मॅडम. मी सांगत होतो का नाई? जातानी रिकामी, येतानीबी रिकामी. एवढा मोठा तांडा, पण एक माणूस चढला नाई."

"हो, दिसलं," मॅडम म्हणाल्या.

आता जिंकल्याचा आनंद माणसाने मुकाट्याने उपभोगावा. पण किसनरावांना तो कुणाला तरी दाखवायची खोड. मॅडम बघेनात, म्हणून ते बसच्या मागच्या काचेतून तांड्याकडे बघायला गेले. आणि तिथेच फसले.

लोक घरी गेलेच नव्हते. जे रस्त्याकडेला उभे होते तेच आता रस्त्यावर आले होते आणि बसच्या मागे चालत होते. लालीबाईने पोतडं डोक्यावर घेतलं होतं. कुणाच्या खांद्यावर शाळेचं दप्तर, कुणाच्या हातात दुधाची कॅन. रूपसिंग थोडा चालला आणि मैलाच्या दगडावर बसला.

किसनराव परत येऊन भीमराजच्या मागे उभे राहिले. "भीमराज, हे लोक कुठी चालले?"

"गावात, काकाजी."

"मंग बसमंधी काहून नाई चढले?"

भीमराजने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं. "रोज चढते. रोज गाडी भरून येते. येतानी आपण दवाखान्याच्या रस्त्यानं जातो, सांजच्याला लोकायले सोडालेबी तिकूनच जातो, तुमच्या गिरणीवरून नाई जात. तुमाले कशी दिसन?"

इतके दिवस किसनराव बसची जाणारी पाठ पाहत आले होते आणि त्यावरून येणाऱ्या तोंडाचा अंदाज करत आले होते.

"मंग आज?"

"आज गाडीत पाहुणे हायेत ना. नाईकानं काल सांगतलं साऱ्यायले, गाडी आपली हाय, साहेब पाहुणे हायेत, त्यायच्या मांडीले मांडी लावून बसू नोका, त्याईले आरामात जाऊ द्या. साहेब खुशीत गेले त बस राहीन म्हणे." भीमराज गिअर बदलायला थांबला. "रूपसिंगभाऊचा आज डायलिसिसचा नंबर हाय. मी इशारा केला चढा म्हणून, तो हातानंच नाई म्हणाला."

"तू मॅडमले काहून नाई सांगतलं?"

"मी कंपनीचा माणूस, काकाजी. माह्यं कोण खरं मानन?"

किसनराव आपल्या खिडकीपाशी जाऊन बसले. मॅडम मागे बसल्या होत्या, इंजिनाच्या आवाजात त्यांना यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. हरकत खरी ठरवायला किसनरावांना खोटं बोलायची गरजच नव्हती. फक्त गप्प बसायचं होतं. नाला गेला. बंद पडलेली कापसाची जिनिंग गेली. ते गप्प बसले. उद्या गावात लोक म्हणतील, गावंड्यांनी कंपनीला पट्टी भरायला लावली. हे ऐकायला त्यांचे कान गेले कित्येक महिने आसुसले होते. पण मैलाच्या दगडावर बसलेला रूपसिंग काही केल्या नजरेसमोरून हलेना. किसनरावांनी जन्मभर एक पैसा कुणाचा बुडवला नव्हता, आणि आता एका आजारी माणसाची बस आपण नुसते बसून बुडवतोय, याची त्यांना लाज वाटली. साधी नाही, चांगली सडकून वाटली.

"थांबव!" ते ओरडले. "वापस घे गाडी."

"मंधातून वळवली त कंपनी मले विचारन, काकाजी."

मॅडम उठून पुढे आल्या. किसनरावांनी अडखळत, एकदा मान वर करून, एकदा खाली घालून, सगळं सांगितलं. मॅडमनी ऐकून घेतलं. मग भीमराजला म्हणाल्या, "वळवा. कंपनीला मी सांगेन."

बस परत येताना दिसली तसे रस्त्यावरचे लोक बाजूला झाले. उत्तमसिंग धावत पुढे आले, फेटा सुटायला आलेला. "काय झालं, साहेब? आमचं काही चुकलं का? चहा बरा नोता का?"

किसनराव खाली उतरले. "नाईक, चढवा साऱ्यायले."

"नाई, मालक. तुमी बसले हा ना. आमी येतो पायी, आमाले सवय हाय."

"अहो, आजारी माणसाले कायची सवय?"

कुणी हलेना. रूपसिंगने दगडावरूनच हात जोडले. किसनराव घामाघूम झाले. आता उरलेलं सांगितल्याशिवाय सुटका नव्हती. "नाईक, तुमाले ठाऊक नाई. ही माफी बंद करा म्हणून अर्ज कोणी केला, माहीत हाय का? मी केला. मी!"

"माहीत हाय जी," उत्तमसिंग म्हणाले. "तुमचा अर्ज गेला तईच कळलं. म्हणूनच त तुमाले खिडकीपाशी बसवलं."

यात टोमणा असता तर किसनरावांनी झेलला असता. टोमण्यांना ते पुरून उरत. पण उत्तमसिंगांच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता. घरी आलेल्या माणसाला चांगली जागा द्यायची, तो कोणत्या कामाने आला हे विचारायचं नाही, एवढंच होतं. किसनरावांनी सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं आणि, दुसरं काही सुचेना म्हणून, ओट्यावर रोज करायचे तेच भांडण इथे सुरू केलं.

"ऐका सारे जण. या कंपनीच्या शेडची पट्टी गाव घेत नाई. बरोबर? तेवढं गावाले कमी पडते. ते कमी पडलेलं मंग कोठून निघते? माह्या गिरणीतून निघते. माह्या घरातून निघते. साऱ्या बोरखडीतून निघते. त्याच्यासाठीच त मी भांडून राह्यलो होतो." बोलता बोलता ते एकदम थांबले. जे वाक्य त्यांनी शंभर वेळा म्हटलं होतं, त्याची दुसरी बाजू त्यांना आता दिसली. पुढचं ते सावकाश बोलले. "म्हणजे ही गाडी माह्याबी पैशावर चालते. मंग मी पाहुणा कसा? गाडी माहीबी हाय. मी घरचा हाय, नाईक. घरचा माणूस आला म्हणून कोणी घरातून बाहेर निघते का?"

तांडा विचारात पडला. मग उत्तमसिंग अगदी नम्रपणे म्हणाले, "पट्टी त आता आमीबी भरतो, मालक. हद्दीत आलो ना."

"मंग त झालंच! चढा!"

लालीबाई पहिल्यांदा हसली. मग बायका हसल्या, मग सगळेच. भीमराजने हॉर्न वाजवला. दोघांनी रूपसिंगला धरून चढवलं, आणि खिडकीपाशी हवा लागते त्या जागेवर किसनरावांनी त्याला हाताला धरून बसवलं. बघता बघता बस इतकी भरली की दुधाच्या कॅन मॅडमच्या पायाशी आल्या आणि मॅडमच्या मांडीवर कुणाचं तरी लेकरू आलं. किसनराव दांडीला धरून उभे राहिले. लालीबाईचं पोतडं त्यांच्या पावलावर होतं, आणि ज्वारी बरीच जड होती.

दवाखान्यापाशी बस थांबली तेव्हा उशीर झाला होता. रूपसिंगच्या जागी दुसरा पेशंट घेतला होता. सिस्टर म्हणाली, "थांबावं लागेल. मशीन मोकळी झाली की घेते. वेळेवर का नाही आले?"

रूपसिंगने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. किसनरावच म्हणाले, "माह्यामुळे, सिस्टर." सिस्टरला त्यातून काही उमगलं नाही, आणि तिला तेवढा वेळही नव्हता.

मॅडमनी तिथेच दवाखान्याच्या व्हरांड्यात कागद पुढे केला. "तुमचं म्हणणं इथे लिहिलंत तरी चालेल. पण नीट विचार करा. तुमचा मूळ मुद्दा चुकीचा नाही. एकाला माफी म्हणजे बाकीच्यांवर भार, हे खरंच आहे."

"खरंच हाय," किसनराव म्हणाले. त्यांनी पेन हातात घेतलं. कंपनीबद्दल त्यांना आताही प्रेम वाटत नव्हतं. शेड मोठीच होती, माफीही मोठीच होती, आणि उद्या फेरी चुकली तर ते पुन्हा भांडायला तयार होते. त्यांनी तसंच लिहिलं. लिहिलं की फेरी चुकवल्यास माफी त्याच दिवशी काढून घ्यावी, आणि ती चुकते का हे बघायला आपण अधूनमधून बसमध्ये बसू, तिकीट काढून. मग खाली लिहिलं, "आज बस रिकामी नव्हती. लोकांनी ती आमच्यासाठी रिकामी केली होती. माझी हरकत मी मागे घेतो." सही केली, आणि सवयीने तारीख दोनदा तपासली. एकच हरकत होती, ती गेली. मॅडमनी कागद वाचला, घडी केला, आणि जाताना रूपसिंगला विचारून गेल्या की नंबर लागला का.

नंबर दुपार कलल्यावर लागला. किसनराव गिरणीवर गेले नाहीत. लालीबाईचं पोतडं तेवढं त्यांनी रिक्षाने गिरणीवर धाडलं, आणि फोन करून विमलताईंना सांगितलं, "दळून ठेव. मी सांजच्याला येतो." 

"काय झालं? जिंकले का?"

"तू गिरणीकडे पाह्य," ते म्हणाले. पण लगेच फोन ठेवला नाही. म्हणाले, "तू सकाळी विचारलं ना, लोक कायनं येते. बसनंच येते."

नवऱ्याच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे तिकडे काहीतरी मोठं घडलं असणार, हे विमलताईंना कळलं. संध्याकाळी त्या स्वतः पीठ घेऊन आल्या, पोतड्याचं तोंड घट्ट बांधून, आणि लालीबाईच्या पायाशी ठेवून तिच्या शेजारी टेकल्या.

दवाखान्यासमोरच्या थांब्यावर एक सिमेंटचा बाक होता. एका टोकाला दोघी बसल्या होत्या, आणि उरलेल्या जागेत मधोमध किसनराव, पाय पसरून, दमलेले. तांड्याचे आणखी काही लोक पलीकडे उभे होते. रूपसिंग बाहेर आला. हाताला पट्टी, चाल हळू, पण तोंडावरची सूज उतरलेली. किसनराव त्याला बघून उठायला लागले.

रूपसिंगने त्यांना उठू दिलं नाही. खांद्यावर हात ठेवून दाबलं.

"सरका थोडं, किसनभाऊ," तो म्हणाला.

किसनराव सरकले. रूपसिंग त्यांच्या मांडीला मांडी लावून बसला. पलीकडचे लोक आले आणि तेही जागा मिळेल तसे टेकले. मग सगळेच बसची वाट पाहू लागले.